फोन उघडा, दार बंद

मंडळी, ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्याकडे एक स्मार्टफोन आला होता. किंमत फक्त १९९९ रुपये. नाव इंटेक्स क्लाउड एफएक्स. आता कुणाला आठवतही नसेल. त्याच्या आत होती मोझिलाची फायरफॉक्स ओएस. पूर्ण ओपन सोर्स! म्हणजे कोड कुणीही वाचावा, बदलावा, हवा तर आपला नवा फोन त्यावर काढावा. आम्हा कॉम्प्युटरवेड्या पोरांना (मी तेव्हा अकरावीत होतो) हे प्रकरण भलतंच भारी वाटलं होतं. पण मोबाइलच्या दुकानातलं गिऱ्हाईक काही "याचा कोड बघायला मिळतो का हो?" असं विचारत नाही. ते एकच विचारतं, "यात व्हॉट्सअ‍ॅप चालतं ना?"

आणि उत्तर होतं... चालतं. म्हणजे तसं चालत नाही. पण एक दुसरंच अ‍ॅप आहे, त्यातून चालतं. कधीकधी.

आजचा लेख या "कधीकधी"बद्दल आहे. मूळ कंपनी अ‍ॅप देत नाही म्हणून तिऱ्हाइताने आपलं अ‍ॅप लिहायचं, मूळ कंपनीच्या सर्व्हरशी त्याचं बोलणं घडवून आणायचं, हा उद्योग जवळजवळ सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जुना आहे. त्याचा एक मोठा अध्याय आपल्या मुंबईत घडला. आणि तो सगळा वाचून झाल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: फोनची ऑपरेटिंग सिस्टिम कितीही उघडी असो, निरोपाची भाषा जर एकाच्या मालकीची असेल तर तो उघडेपणा शोभेचा. वाडा आपला, पण दिंडीदरवाजाची किल्ली शेजाऱ्याकडे.

आता जरा मागे जाऊ.

पोस्टाचं उदाहरण घ्या. पाकीट तुम्ही अप्पा बळवंत चौकातून घ्या नाहीतर गावच्या किराणा दुकानातून, वर नीट पत्ता आणि तिकीट असलं की पत्र पोचतं. पोस्टमन "आमच्याच दुकानातलं पाकीट हवं" म्हणत नाही. ईमेल तसंच. तुमचं जीमेल आणि माझं याहू, काही अडत नाही. एसएमएस तसाच. नोकियावरून पाठवलेला मोटोरोलावर येतो, एअरटेलवरून पाठवलेला बीएसएनएलवर येतो. कारण निरोप कसा लिहायचा आणि कसा पोचवायचा याचे नियम (आमच्या भाषेत प्रोटोकॉल) सगळ्यांसाठी उघडे आहेत. ते नियम पाळून निरोप पाठवणारा आणि घेणारा प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट. नियम उघडे असले की क्लायंट कुणीही लिहू शकतो.

चॅटचं मात्र पहिल्यापासून असं झालं नाही. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर आणला आणि त्यातून एओएलच्या मेसेंजरवरच्या लोकांशी बोलायची सोय दिली, एओएलला न विचारता. एओएलने आपला सर्व्हर बदलून ते बंद पाडलं. मायक्रोसॉफ्टने नवा क्लायंट काढला. एओएलने परत बंद पाडलं. काही महिने हा उंदीर-मांजराचा खेळ चालला आणि शेवटी मायक्रोसॉफ्टसारख्या मायक्रोसॉफ्टने नाद सोडला! सर्व्हर ज्याचा त्याचाच शेवटचा शब्द, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

तरीही लिनक्सवाल्यांनी हार मानली नव्हती. गेम नावाचा क्लायंट १९९८ पासून होता. एओएलच्या ट्रेडमार्कच्या कटकटीमुळे २००७ मध्ये त्याचं नाव पिजिन झालं. याहू, एमएसएन, एओएल, सगळे एकाच खिडकीत. त्या काळात सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून याहू मेसेंजरवर बसणारी आमची मोठी भावंडं आठवून बघा. एक मित्र याहूवर, दुसरा रेडिफ बोलवर, तिसरा एमएसएनवर. तीन खिडक्या, तीन पासवर्ड.

दुसऱ्या बाजूने जेरेमी मिलर नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने जानेवारी १९९९ मध्ये जॅबर जाहीर केलं. त्याची कल्पना साधी होती. दुसऱ्याच्या कुलपाची बनावट किल्ली करत बसण्यापेक्षा कुलूपच नसलेलं घर बांधू. ईमेलसारखं. पत्ता ईमेलसारखा, सर्व्हर कुणीही चालवावा, क्लायंट कुणीही लिहावा. यातूनच एक्सएमपीपी हा प्रोटोकॉल आला. ऑगस्ट २००५ मध्ये गूगल टॉक सुरू झालं ते चक्क एक्सएमपीपीवर, आणि जानेवारी २००६ पासून गूगल टॉकवाल्याला दुसऱ्या कुठल्याही एक्सएमपीपी सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता येऊ लागलं. फेसबुक चॅटनेही २०१० मध्ये एक्सएमपीपीची खिडकी उघडली होती. वाटलं, जिंकलो!

नाही जिंकलो. मे २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणलं आणि उघडा प्रोटोकॉल बाजूला ठेवला. फेसबुकने २०१५ मध्ये आपली खिडकी बंद केली. का? कारण तोवर सगळा खेळ फोनवर गेला होता, आणि फोनवर एक हिरवं अ‍ॅप जिंकत होतं.

भारतात ते का जिंकलं याचं एक कारण आपण विसरून गेलोय. सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायने नकोशा जाहिराती रोखण्यासाठी एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएस अशी मर्यादा घातली (नंतर ती २०० केली). त्याआधीपासून दिवाळी, नववर्ष अशा "ब्लॅकआउट डे"ना पॅक असूनही एसएमएसला पूर्ण पैसे पडायचे. कॉलेजातल्या पोरांना दिवसाला १०० एसएमएस म्हणजे काय? सकाळच्या लेक्चरलाच संपायचे! अशा वेळी नेट पॅकवर फुकटात हवे तेवढे मेसेज देणारं अ‍ॅप आलं, तर लोक काय करणार? उघडा एसएमएस सोडून लोक बंद व्हॉट्सअ‍ॅपकडे गेले. उघडेपणाला कंटाळून नव्हे, खिशाकडे बघून.

गंमत म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या पोटात एक्सएमपीपीच होतं. सर्व्हर ईजॅबरडीचा बदललेला अवतार, आणि प्रोटोकॉल एक्सएमपीपीचाच, पण आवळून बसवलेला. नेहमी लागणाऱ्या शब्दांऐवजी एकेक बाइटचे संकेत, म्हणजे टूजीवरही डेटा कमी जाईल. इंजिनिअरिंग म्हणून सुंदर काम. फक्त दुसऱ्या सर्व्हरशी बोलायचा दरवाजा काढून टाकलेला. उघड्या घराच्या विटा वापरून बांधलेला बंद वाडा.

आता ज्यांच्या फोनवर हे अ‍ॅप येतच नव्हतं त्यांचं काय? नोकियाचा एन९ घ्या. २०११ मध्ये आलेला, लिनक्सवर चालणारा, अजूनही लोक ज्याच्या आठवणी काढतात असा फोन. व्हॉट्सअ‍ॅपने त्यासाठी अ‍ॅप काढलं नाही. तेव्हा एका तरुण प्रोग्रॅमरने स्वतःच वाझॅप नावाचा क्लायंट लिहिला, आणि त्याच्या पोटातला प्रोटोकॉलचा भाग याउसप नावाची पायथन लायब्ररी म्हणून सगळ्यांना देऊन टाकला. पुढे कितीतरी क्लायंट या लायब्ररीच्या खांद्यावर उभे राहिले.

हे करतात कसं? खरा क्लायंट एका फोनवर चालवायचा, तो सर्व्हरशी काय बोलतो ते मधे बसून ऐकायचं, आणि कुठला बाइट म्हणजे काय हे एकेक करून ओळखत जायचं. मोडी लिपीचा जुना कागद लावतात तसं. एक शब्द लागला की त्यावरून पुढचा. यातूनच २०१२ मध्ये बाहेर आलं की अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा पासवर्ड म्हणजे फोनचा आयएमईआय नंबर, उलटा लिहून त्याचा एमडी५ हॅश काढलेला. बस्स! आयएमईआय तर फोनच्या खोक्यावर छापलेला असतो. म्हणजे रिकामं खोकं ज्याच्या हाती लागेल त्याला तुमच्या नावाने मेसेज पाठवता यावेत अशी अवस्था. कंपनीने नंतर ही पद्धत बदलली. पण हे भगदाड दिसलं ते बाहेरच्या माणसांनी आत डोकावल्यामुळे, हे विसरू नये.

आता पुन्हा फायरफॉक्स ओएसकडे.

२५ जुलै २०११ ला मोझिलाच्या आंद्रेआस गाल यांनी "बूट टू गेको" हा प्रकल्प जाहीर केला. गेको म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरचं इंजिन. फोन सुरू झाला की थेट ब्राउझर इंजिनच सुरू व्हावं आणि डायलरपासून कॅमेऱ्यापर्यंत प्रत्येक अ‍ॅप म्हणजे एक वेबपेज असावं, अशी ती कल्पना. २०१३ मध्ये स्पेनमध्ये पहिला फोन बाजारात आला आणि २०१४ मध्ये भारतात इंटेक्स आणि स्पाइस. साडेतीन इंची पडदा, टूजी, आणि १२८ एमबी रॅम. हो, १२८. आज माझ्या ब्राउझरची एक टॅब त्याहून जास्त खाते.

व्हॉट्सअ‍ॅपने या ओएससाठी अधिकृत अ‍ॅप कधीच दिलं नाही. मग आले तिऱ्हाइत क्लायंट. कनेक्टए२, ओपनवॅप, लोकी. त्यातल्या ओपन सोर्स मंडळींनी याउसपचं सगळं पायथन जावास्क्रिप्टमध्ये उतरवून कोसेमे नावाची लायब्ररी केली होती. पण त्यांच्यापुढच्या अडचणी बघा, म्हणजे या कामाचा घाम कळेल.

पहिली अडचण, वेबपेजला सर्व्हरशी फक्त ठरावीक मार्गांनीच बोलता येतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरला हवं होतं सरळ टीसीपी कनेक्शन. त्यासाठी मोझिलाने तपासून मंजूर केलेल्या अ‍ॅपांना वेगळा टीसीपी सॉकेट दिला होता. तो मिळाला म्हणून हे क्लायंट मुळात शक्य झाले. म्हणजे ओएस उघडी असण्याचा फायदा इथे खराखुरा झाला, हे नोंदवलं पाहिजे.

दुसरी अडचण रॅमची. १२८ एमबीमध्ये तुम्ही गाणं लावलं की सिस्टिम मागचं चॅट अ‍ॅप मारून टाकणार. मग मेसेज येणार कसा? खऱ्या अ‍ॅपांसाठी उत्तर असतं पुश. अ‍ॅप झोपलेलं असलं तरी सर्व्हर एक टिचकी मारतो आणि ओएस त्याला उठवते. पण टिचकी मारायची कुणी? व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरने. आणि तो या पाहुण्याला ओळखतच नाही! म्हणून तिऱ्हाइत क्लायंटवर मेसेज यायचा तो तुम्ही अ‍ॅप उघडाल तेव्हा. "अरे, सकाळी मेसेज केला होता, पाहिला नाहीस?" – "आत्ता आला." हेच ते "कधीकधी".

तिसरी अडचण तांत्रिक नव्हतीच. फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने गिटहबला कॉपीराइट कायद्याखाली नोटीस दिली आणि प्रोटोकॉल वापरणारे कितीतरी ओपन सोर्स प्रकल्प तिथून उतरवले गेले. त्याच महिन्यात फेसबुकने १९ अब्ज डॉलर्सना व्हॉट्सअ‍ॅप घ्यायचा करार जाहीर केला. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप प्लस वगैरे अनधिकृत क्लायंट वापरणाऱ्यांना २४ तासांसाठी बाहेर काढण्यात आलं. शिक्षा क्लायंट लिहिणाऱ्याला नाही, वापरणाऱ्याला. यानंतर आपल्या आईच्या फोनवर असं अ‍ॅप टाकायची हिंमत कोण करणार?

त्याच वेळी, त्याच १९९९ रुपयांच्या फोनवर टेलिग्राम मात्र चालत होतं. ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू झालेल्या टेलिग्रामने पहिल्यापासून क्लायंटचा प्रोटोकॉल जाहीर केला होता, बाहेरच्यांनी क्लायंट लिहावेत म्हणून बोलावलं होतं. त्यामुळे वेबोग्राम नावाचा ब्राउझरमधला क्लायंट फायरफॉक्स ओएसवर अ‍ॅप म्हणून आला. लपूनछपून नाही, नोटिशीची भीती नाही. (टेलिग्रामचा सर्व्हर त्यांचाच आणि बंदच, तेव्हा फार हुरळून जायचं कारण नाही. पण क्लायंटपुरतं दार उघडं.) फोन तोच, १२८ एमबी तेच, प्रोग्रॅमर तशाच दर्जाचे. फरक फक्त परवानगीचा. मला वाटतं सगळ्या इतिहासातला हा सर्वांत स्वच्छ प्रयोग आहे.

व्हॉट्सअ‍ॅपची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. अनोळखी क्लायंटमधून स्पॅम येतो, हे खरं आहे. "प्लस", "गोल्ड" असल्या नावांच्या अ‍ॅपांत कुणी काय घातलंय याचा भरवसा नाही, हेही खरं. आणि एप्रिल २०१६ मध्ये त्यांनी सगळ्या मेसेजना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन दिलं. पलीकडचा क्लायंट कच्चा असेल तर तुमच्या एन्क्रिप्शनला काय अर्थ? हे मुद्दे मला मान्य आहेत. फक्त त्यावर "सगळ्यांना बंदी" हा एकच उपाय नव्हता. तपासून परवाना देता आला असता. आरटीओ नाही का, गाडी कुठल्याही कंपनीची असो, तपासून रस्त्यावर सोडतं?

डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फायरफॉक्स ओएसचे फोन विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. कारणं बरीच होती. स्वस्त अँड्रॉइड आले, १२८ एमबीवर फोन रडतखडत चालायचा. सगळं खापर व्हॉट्सअ‍ॅपवर फोडणं बरोबर नाही. पण दुकानातला तो एक प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही हेही तितकंच खरं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कोड उघडा असल्याचा फायदा असा, की आई-बाप गेले तरी लेकरू जगतं. बूट टू गेकोचा कोड घेऊन कायओएस ही नवी ओएस उभी राहिली, आता बटणांच्या फोनसाठी. आणि २१ जुलै २०१७ ला मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी जिओफोन जाहीर केला. १५०० रुपये अनामत, ती तीन वर्षांनी परत. म्हणजे म्हणे फुकट. आत कायओएस, म्हणजे नातं लावायचं तर फायरफॉक्स ओएसचा मुलगाच! २०२० च्या सभेत कंपनीने १० कोटींवर जिओफोन विकल्याचं सांगितलं. मोझिलाला स्वप्नातही जमलं नसतं ते घणसोलीहून झालं.

आणि लोकांचा पहिला प्रश्न कोणता? ओळखलंत. "व्हॉट्सअ‍ॅप चालतं ना?"

चालत नव्हतं. सुरुवातीला होतं जिओचॅट. आणि या वेळी तिऱ्हाइत क्लायंटचा मार्गही नव्हता, कारण जिओफोनवर अ‍ॅप यायचं ते फक्त कंपनीच्या स्टोअरमधून. कोडचा पाया ओपन सोर्स, पण हातातल्या फोनला कुलूप. मग लोकांनी काय करावं? यूट्यूबवर "जिओफोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप" छापाचे शेकड्याने व्हिडिओ आले. त्यातली एक युक्ती अशी, की दूर कुठल्यातरी वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणारा ब्राउझर आपल्या फोनवर उघडायचा आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅप वेब लावायचं. म्हणजे आपले सगळे मेसेज एका अनोळखी मशीनच्या पडद्यावर! दार बंद केलं की लोक घरी बसत नाहीत, खिडकीतून उड्या मारतात. सुरक्षेसाठी दार बंद म्हणणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

शेवटी सप्टेंबर २०१८ मध्ये जिओफोनवर अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप आलं. स्वतः व्हॉट्सअ‍ॅपने कायओएससाठी लिहिलेलं. का आलं? प्रोटोकॉल उघडला म्हणून नाही. फोनची संख्या कोटींत गेली म्हणून. एप्रिल २०२० मध्ये तर फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये घातले. फायरफॉक्स ओएसच्या स्वयंसेवकांना जे चार वर्षं मिळालं नाही ते संख्येने एका झटक्यात मिळवून दिलं. लोकांचं भलंच झालं, नाकारत नाही.

पण संख्येने आलेलं संख्येबरोबर जातं. २५ जून २०२४ पासून कायओएसच्या स्टोअरवर नव्याने व्हॉट्सअ‍ॅप मिळणं बंद झालं आणि ज्यांच्याकडे होतं त्यांचं २०२५ च्या सुरुवातीपर्यंतच चालेल असं जाहीर झालं. फोन ठणठणीत, बॅटरी दोन दिवस चालतेय, नेट आहे. फक्त निरोप नाही. आणि कुणी चांगला प्रोग्रॅमर म्हणाला की "मी लिहितो यासाठी क्लायंट", तर त्याला परवानगी नाही.

हे सगळं वाचत असताना मला वाटलं, उघड्या प्रोटोकॉलवर असा क्लायंट लिहायला खरंच किती अवघड आहे ते करूनच बघू. माझ्याकडे जुना नोकिया ८११० ४जी आहे, पिवळा, केळ्यासारखा वाकडा. त्यातही कायओएस, पण त्यावर केबल लावून आपलं अ‍ॅप टाकता येतं. तीन शनिवार-रविवार बसलो. भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर एक्सएमपीपी सर्व्हर, आणि फोनवर जावास्क्रिप्टमधला जेमतेम क्लायंट. फोटो नाहीत, ग्रुप नाहीत, फक्त मजकूर. पलीकडे मित्राच्या अँड्रॉइडवर कन्व्हर्सेशन्स नावाचा आयता एक्सएमपीपी क्लायंट. ते अ‍ॅप लिहिणाऱ्याला माझं नावही माहीत नाही, मी त्याला काही विचारलं नाही. दोघांनी तेच जाहीर नियम वाचले होते, एवढंच. पहिला मेसेज गेला आणि आला, तेव्हा ऑफिसमधल्या कुठल्याही रिलीजपेक्षा जास्त आनंद झाला :)

मग चाचणी घ्यायला ताम्हिणी गाठलं. पुण्यात बसून रेंजची परीक्षा होत नाही. पौड सोडलं, मुळशीचं पाणी दिसायला लागलं की फोनवरच्या काड्या कमी होऊ लागतात. ताम्हिणी गावाच्या पुढे घाटात तर एका वळणावर रेंज आहे आणि पुढच्या वळणावर नाही. चॅटसाठी याहून कडक परीक्षक नाही. टीसीपी कनेक्शन तुटलेलं असतं आणि दोन्ही बाजूंना ते कळलेलंच नसतं. तुम्ही पाठवलेला मेसेज ना गेलेला, ना परत आलेला. यावर एक्सएमपीपीत एक जाहीर तोडगा आहे. दोन्ही बाजूंनी मेसेज मोजायचे, "तुझे सात पोचले" अशी पावती द्यायची, आणि रेंज परत आली की न पोचलेले तेवढेच पुन्हा पाठवायचे. मी तो नियम वाचून तसाच लिहिला होता. विंझाई देवीच्या देवळापासून घाट उतरेपर्यंत वीस मेसेज पाठवले. उशिरा गेले, पण वीसच्या वीस गेले. एकही दोनदा गेला नाही.

यात माझी काही हुशारी नाही, आणि ते सांगायलाच हे लिहितोय. कॉलेजमधून बाहेर पडलेला कुठलाही पोरगा किंवा पोरगी हे करू शकते, नियम उघडे असतील तर.

आणि ताम्हिणीत हा प्रश्न फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांचा नाही. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. आपण पुणेकर ज्याला "वीकेंडचा पाऊस" म्हणतो, तो तिथल्या माणसाच्या डोक्यावर दरड घेऊन येऊ शकतो. घाट बंद आहे का, झाड कुठे पडलंय, लाइट कधी येणार, शाळा भरणार का, हे हल्ली गावोगाव ग्रुपवर कळतं. त्या ग्रुपमधून ज्याचा फोन बाहेर पडला तो गावातल्या निम्म्या बोलण्यातून बाहेर पडला. चहा-भजीच्या टपरीवरच्या मावशींना आपण "नवीन फोन घ्या ना" असं सहज सांगतो. त्यांच्या एका पावसाळ्याच्या कमाईचा हिशोब आपल्याला कुठे ठाऊक असतो?

सरकारलाही हे कळतं. म्हणूनच आपत्तीच्या इशाऱ्यासाठी सेल ब्रॉडकास्ट वापरतात. २०२३ मध्ये एका दुपारी सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे वाजले होते, आठवतंय? ती त्याचीच चाचणी. तो इशारा कुठल्या कंपनीचं अ‍ॅप आहे ते विचारत नाही, कारण तो मोबाइल नेटवर्कच्या उघड्या नियमांवर चालतो. पण तो वरून खाली येणारा इशारा. गावातल्या माणसाने गावातल्या माणसाला सांगायचं, ते अजूनही एकाच कंपनीच्या मर्जीवर.

"हे असंच असतं, मोठ्या कंपन्या ऐकत नाहीत" असं म्हणाल तर थांबा. त्याच टपरीवर बघा, काउंटरवर एक क्यूआर कोड चिकटवलेला असतो. तो फोनपेचा. तुम्ही पैसे देता गूगल पेवरून. मागचा माणूस भीमवरून. सगळ्यांचे पोचतात. कारण एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या एनपीसीआयने यूपीआय आणताना नियमच तसा केला: अ‍ॅप कुणाचंही असो, पैसे कुणालाही जायला हवेत. मार्च २०२२ मध्ये तर साध्या बटणांच्या फोनसाठीही यूपीआयची वेगळी सोय आली. पैशांसारखी नाजूक गोष्ट, जिथे चोर टपून बसलेत, तिथे आपण अनेक क्लायंट तपासून, परवाने देऊन चालवतो.

आणि कळस म्हणजे नोव्हेंबर २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपलाही यूपीआयची परवानगी मिळाली. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपमधून मी दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅपवरच्या माणसाला दहा रुपये पाठवू शकतो, पण "पोचलो" एवढा एक शब्द पाठवू शकत नाही! त्याच अ‍ॅपमधून, त्याच फोनवरून. एका ठिकाणी नियम आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढाच फरक.

युरोपने हा नियम केला. तिथल्या डिजिटल मार्केट्स कायद्याच्या अटी मार्च २०२४ पासून लागू झाल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाने जाहीर केलं की युरोपात व्हॉट्सअ‍ॅपवरून बर्डीचॅट आणि हायकेट या दोन बाहेरच्या अ‍ॅपांशी बोलता येईल, तेही एन्क्रिप्शन टिकवून. दोनच, आणि दोन्ही लहान. पण एन्क्रिप्शनमुळे हे होणारच नाही, हा मुद्दा निदान निकालात निघाला.

आपल्याकडे? आपल्याकडे अधूनमधून "देशी मेसेंजर"ची लाट येते. लोक उत्साहाने एक अ‍ॅप सोडून दुसऱ्यावर जातात, पंधरा दिवसांनी परत येतात, कारण बाकीचा गाव तिथे नसतो. माझं म्हणणं असं, की देशी की परदेशी हा प्रश्नच दुय्यम आहे. वाड्याचा मालक बदलून किल्ली आपल्या हाती येत नाही. यूपीआयसारखा करार निरोपांसाठी झाला, तर देशी अ‍ॅपही जगेल, परदेशीही जगेल, आणि एखाद्या जुन्या फोनसाठी कुणी तीन रविवार बसून क्लायंट लिहिला तर तोही चालेल.

असो. फार लांबलं. त्या पिवळ्या फोनच्या क्लायंटमध्ये पुढच्या आठवड्यात देवनागरी टायपिंग घालायचंय. टी९वर जोडाक्षरं कशी बसवायची हे एक वेगळंच कोडं आहे. त्यावर नंतर कधीतरी.